भोकाचं मडकं

बाबाजीनं कागद उलटा धरला होता. त्यामुळं आकृतीतली दोन्ही मडकी पालथी दिसत होती, आणि पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं डॉक्टरचं बोलणं अंगणात वाहून चाललं होतं. ओसरीत रचलेल्या माठांच्या आडून कुंभारीण काकू कान देऊन ऐकत होत्या. डॉक्टरनं कागद सुलटा करून दिला. बाबाजीनं तो पुन्हा पाहिला आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "गुरुजी, हे पोट्टं मले मडक्याले भोक पाडाले सांगून राह्यलं का?"

"हाव," मी म्हणालो.

"दोन मडक्याले?"

"दोन."

"चांगल्या?"

या 'चांगल्या'पाशी तो असा थांबला, की डॉक्टरनं खाली मान घातली. बाबाजीचं वय तेव्हा सत्तरीच्या घरातलं. मडकं विकायच्या आधी तो बोटाच्या पेरानं त्याच्यावर टिचकी मारायचा. आवाज खणखणीत आला तर गिऱ्हाइकाच्या हातात, बद्द आला तर उकिरड्यावर. ज्या माणसानं पन्नास वर्षं फक्त पाणी न गळणारं मडकं केलं, त्याच्याकडं आम्ही मुद्दाम गळकं मडकं मागायला गेलो होतो.

पण गोष्ट इथून सुरू होत नाही. आधी विहीर सांगायला हवी.

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं, मनसर मागं टाकून देवलापार गाठलं, की पुढं पेंचचं जंगल लागतं. त्या जंगलाच्या कडेला बारा घरांची एक टोली. नाव सांगत नाही. चुकांची गोष्ट आहे, तिथं नाव कशाला. चाळीस वर्षांपूर्वी मी तिथल्या एकशिक्षकी शाळेवर होतो. टोलीत वीज नव्हती. इकडं कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या रात्रंदिवस धूर ओकत होत्या, तिकडं तोतलाडोहला वीज करण्यासाठी पेंच नदी अडवायचं काम चालू होतं, आणि दोहोंच्या मधल्या आमच्या टोलीत रात्री घासलेटची चिमणी. आज नागपूर शहर पितं ते बरंचसं पाणी याच पेंचचं. ते शुद्ध होऊन शहराच्या नळाला येतं. टोलीला मात्र एकच विहीर होती, तीही नाल्याच्या उतारावर आणि कठड्याशिवाय. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर शेणामुतासकट सगळा उतार विहिरीत उतरायचा.

लोक पाणी तसंच पीत नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. शहरातला माणूस समजतो की खेड्यातल्याला काही कळत नाही. टोलीतल्या बाया गढूळ पाण्याच्या गुंडात आतून निवळीचं बी घासायच्या. निवळीची झाडं जंगलात होतीच. रात्री घासून ठेवलं की सकाळी गाळ तळाशी आणि वर आरशासारखं पाणी. मग ते लुगड्याच्या दुहेरी पदरातून गाळून घ्यायच्या. ही विद्या शेकडो वर्षांची आहे आणि खोटी नाही. तिच्यात एकच उणीव आहे: निवळलेलं पाणी दिसतं स्वच्छ, पण पटकीचा जंतू निवळीला आणि पदराला पुरता दाद देत नाही. आरशासारख्या पाण्यात तो आरामात राहतो.

त्या वर्षी मृग बरा गेला आणि आर्द्रा कोसळली. आठवड्यात टोलीतल्या सहा घरांत हगवण-ओकारी लागली. ज्या आजीच्या घरी मी सकाळचा चहा प्यायचो, तिचा दीड वर्षाचा नातू तिसऱ्या दिवशी गेला. नाल्याला पूर होता. पलीकडं न्यायला वाटच नव्हती.

पूर उतरला तसा दवाई टाकणारा माणूस आला. खांद्यावर ब्लिचिंग पावडरची पिशवी. तो भला माणूस होता, पण भ्यालेला. शेजारच्या गावात दोन माणसं दगावली होती, वरून विचारणा झाली होती, आणि पावडर किती टाकायची हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं. त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं आणि पिशवीतली दोनेक किलो पावडर एकदम ओतली. वर म्हणाला, "आता एक किडा राह्यत नाही, पाहा."

किडा खरोखर राहिला नसेल. पण माणूसही राहिला नाही. पाण्याला असा वास सुटला की गुंड डोक्यावर घेतल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं. त्या पाण्यात शिजवलेला भात मुलांनी थुंकून टाकला. एकीनं आपलं कोरं हिरवं लुगडं त्यात भिजवलं, तर त्याच्यावर पांढरे डाग उमटले, आणि ते लुगडं घेऊन ती दारोदार फिरली. सभा भरवून झाला नसता एवढा परिणाम त्या लुगड्यानं केला. सगळी टोली नाल्याच्या वाळूत झिरे खणून तिथलं पाणी भरायला लागली. वरच्या अंगाला गुरं बसायची, खालच्या अंगाला झिरे. चार दिवसांनी विहिरीतल्या पावडरचा जोर उतरला, पाणी पुन्हा होतं तसं झालं. पण तोवर विहीर बदनाम झाली होती. रोग झिऱ्यावरून नव्यानं घरात शिरला.

डॉक्टर आला तो या गोंधळात. नागपूरच्या मेडिकलमधून नुकताच पास झालेला, इंटर्नशिपला देवलापारकडं धाडलेला पोरगा. मिसरूड धड फुटलेलं नव्हतं. त्यानं आल्याबरोबर माझ्या शाळेतून फूटपट्टी आणि दोर मागितला. दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, ओल्या झालेल्या दोराची लांबी मोजली: अडीच मीटर पाणी. विहिरीचा व्यास दीड मीटर. मग शाळेत येऊन फळ्यावर गणित मांडलं. चौथीची पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची उंची, गुणिले 3.14, भागिले चार. म्हणजे चार हजार चारशे लिटरच्या आसपास. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. गढूळ असेल तर थोडी जास्त, कारण क्लोरीन आधी मातीकचऱ्यावरच खर्च होतो. त्यातून उरतो तोच जंतूंच्या वाट्याला येतो. त्यानं अडीच गुणिले चार पूर्णांक चार केलं, आणि खडू थांबला.

"अकरा ग्रॅम," तो म्हणाला. "गुरुजी, तीन चहाचे चमचे."

टाकली होती दोन किलो. एकशे ऐंशी पट.

त्यावर मी विचारलं, मग रोज तीन चमचे टाकू या, त्यात काय मोठं? त्याचं उत्तर मला आजही पटतं. रोज टाकायचं म्हटलं की रोज टाकणारा माणूस हवा, रोज मोजमाप हवं, आणि टाकल्यावर तासभर कोणी पाणी भरता कामा नये. बायांची पहाट चारला सुरू होते. पहिल्या दिवशी जमेल, दहाव्या दिवशी नाही. आणि पाणी सतत बदलतं: बादलीनं उपसलं जातं, झऱ्यानं आत येतं. सकाळची दवाई संध्याकाळी निम्मी झालेली असते. विहिरीला हवं होतं ते थोडं-थोडं, दिवसरात्र, कोणी उभं न राहता. शहरात हे काम विजेवरचा पंप करतो. इथं वीज कुठली?

पहिल्यांदा त्यानं देवलापारहून एक मोठं मडकं आणलं. तळाला भोकं पाडलेली, आत खडी, वर पावडर आणि रेतीचं मिश्रण. ते उघड्या तोंडानं विहिरीत सोडलं. ही युक्ती खरी आहे, मोठ्या सार्वजनिक विहिरीत ती चालते. दिवसाला हजार-बाराशे लिटर उपसा असेल तर दीड किलो पावडरचं असं मडकं आठवडाभर पुरतं. पण आमची विहीर एवढीशी, उपसा बारा घरांचा, घरटी तीन गुंड. पाण्याला पुन्हा वास आला. आणि दुसरं असं की मडकं सोडताना बायांनी त्याची भोकं पाहिली होती.

भोकाचं मडकं कुठं लागतं हे मराठी माणसाला सांगायला नको. खांद्यावर मडकं घेऊन सरणाभोवती फेरे, प्रत्येक फेऱ्याला दगडाचा एक घाव, आणि मागं सांडत जाणारी पाण्याची धार. ज्या टोलीतून पंधरा दिवसांपूर्वी एक लेकरू गेलं होतं, त्या टोलीच्या पिण्याच्या विहिरीत आम्ही मसणातलं मडकं सोडलं होतं. त्याच रात्री कोणीतरी ते वर ओढून नाल्यात भिरकावलं. कोणी ते मी विचारलं नाही. माझ्या घरचं कोणी गेलं असतं तर मीही तेच केलं असतं.

डॉक्टर दोन दिवस गप्प होता. मग एका संध्याकाळी चिमणीच्या उजेडात त्यानं पेटीतून आपलं 'पार्क'चं जाडजूड पुस्तक काढलं. डॉक्टरकी शिकणारं प्रत्येक पोर या पुस्तकातून सार्वजनिक आरोग्य शिकतं. त्यात एका मडक्याच्या आकृतीशेजारी दुसरी आकृती होती: मडक्यात मडकं. तो म्हणाला, "गुरुजी, हे मी परीक्षेत लिहिलंय. पाठ करून. पण कधी कोणी खरंच विहिरीत सोडत असेल असं वाटलं नव्हतं." मी मजकूर वाचला. लहान विहिरींसाठी ही सुधारणा कोणी केली, ते तिथं लिहिलं होतं: नागपूरच्या नीरीनं.

नागपूरच्या! नेहरू मार्गावर ज्या आवाराच्या भिंतीला सायकल टेकवून मी कितीदा उभा राहिलो होतो, ती संस्था. 1958 साली ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच सार्वजनिक आरोग्य होतं. 1974 पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी. तिथल्या शास्त्रज्ञांनी, ज्यांच्या टेबलावर वीज आणि यंत्रं दोन्ही होती, बसून विचार केला तो दोन मातीच्या मडक्यांचा. मला याचं फार अप्रूप वाटलं. अजून वाटतं. अवघड यंत्र करणं सोपं असतं. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला त्याच्याच अंगणातल्या वस्तूनं काम होईल असं काही काढणं कठीण.

तर तो कागद घेऊन आम्ही बाबाजीच्या अंगणात उभे होतो.

"भोकाचं मडकं मसणात जाते," बाबाजी म्हणाला. "ईरीत नाही जात. माह्या हातून असं पाप होनार नाही. आन् लोक काय म्हनतील? कुंभारानं टोलीले मारलं म्हनतील."

डॉक्टर समजावू लागला. जंतू, क्लोरीन, शास्त्र. मी त्याला खूण करून गप्प बसवलं, कारण अंगणाच्या कोपऱ्यात आजी येऊन बसली होती. ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. नातू गेल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती. बराच वेळ ती माठांकडं बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "श्रावण लागून राह्यला ना आता?"

"हाव, आठ दिवसांत."

"पिंपळाखालच्या महादेवावर गळती टांगते. ते मडकं कोन देते?"

"मीच देतो. दरसाली."

"त्याले भोक कोन पाडते?"

बाबाजी काही बोलला नाही. माठांच्या आडून कुंभारीण काकूंचा आवाज आला, "तेच पाडतेत. ओल्या मातीत, बाभळीच्या काट्यानं."

वर मी म्हणालो की त्यानं पन्नास वर्षं फक्त न गळणारं मडकं केलं. मलाही तसंच वाटत होतं, त्यालाही. वर्षातून एकदा तो स्वतःच्या हातानं मडक्याला भोक पाडत होता, आणि ते देवाचं म्हणून हिशेबात धरत नव्हता. मसणातल्या मडक्याला तीन भोकं, ती धारेनं रितं होण्यासाठी. महादेवावरच्या मडक्याला एक, तेही दर्भाची काडी घालून अडवलेलं, महिनाभर थेंब-थेंब पडावं म्हणून. आजी शिकलेली नव्हती. पण एकशे ऐंशी पटीचं ते गणित तिनं फळ्याशिवाय सोडवलं होतं.

"दाखव तो कागद," बाबाजी डॉक्टरला म्हणाला.

पावसाळ्यात आवा लावता येत नाही, त्यामुळं नवी मडकी भाजणं शक्य नव्हतं. होती त्यातूनच निवडायची. बाहेरचं मडकं आतून 30 सेंटिमीटर उंच आणि 25 रुंद हवं. बाबाजीनं ते वीत आणि चार बोटांनी मोजलं आणि माझी फूटपट्टी लावून पाहिली तर फरक बोटाच्या नखाएवढा. आतलं मडकं त्यात सैल बसेल असं. प्रत्येकाला एकच भोक, एक सेंटिमीटरचं. बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटर वर, आतल्याला अगदी काठाजवळ.

डॉक्टरला घाई होती. त्यानं खिळा ठेवून हातोडीनं हलकेच टोला दिला, आणि मडक्याचे दोन तुकडे झाले. बाबाजीनं तुकडे उचलले, बाजूला ठेवले, आणि काही न बोलता हातोडी मागं सारली. मग त्यानं दुसरं मडकं मांडीवर घेतलं. भोकाच्या जागी ओलं बोट टेकवलं. जुन्या खिळ्याचं टोक तिथं ठेवून तो दोन तळहातांच्या मधे फिरवू लागला, रवी घुसळावी तसा, पण सावकाश. मधेच थांबायचा, पाण्याचा थेंब सोडायचा, फुंकर मारायचा. लाल भुकटी मांडीवर साचत होती. अर्धा तास गेला. खिळा आरपार गेला तेव्हा इतका बारीक आवाज झाला, की तो बाबाजीलाच कळला. पुढं कानशीनं भोक मोठं करत करत त्यानं माझी करंगळी त्यात घालून पाहिली. दुसऱ्या मडक्याला आणखी अर्धा तास. तोवर अंगणात टोलीतली निम्मी माणसं जमली होती. बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत होती.

एक किलो पावडर, दोन किलो जाड रेती. रेतीचा कण दोन मिलिमीटरच्या आसपास हवा, म्हणून बायांनी आपली गव्हाची चाळणी आणली. मिश्रण पाण्यानं जरासं ओलसर करून आतल्या मडक्यात भरलं, भोकाच्या तीन सेंटिमीटर खालीपर्यंत. ते मडकं बाहेरच्यात ठेवलं. बाहेरच्याचं तोंड खताच्या पिशवीतल्या प्लास्टिकनं घट्ट बांधलं. सुताचा जाड दोर बांधून ते जोड मडकं पाण्याखाली मीटरभर सोडलं, म्हणजे बादली त्याला धडकणार नाही.

हे चालतं कसं, तर पाणी बाहेरच्या मडक्यात खालच्या भोकातून शिरतं, चढत चढत आतल्या मडक्याच्या काठापर्यंत जातं, तिथल्या भोकातून आत झिरपून पावडर ओली करतं. क्लोरीन त्याच वाटेनं उलटा बाहेर येतो. आधी वरचं भोक, मग दोन मडक्यांमधली अरुंद गल्ली, मग खालचं भोक. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा आणि माजघराचं दार कधी समोरासमोर नसायचं ना, तसं. आतलं माणूस बाहेर येऊ शकतं, पण धावत नाही. एका मडक्याला हा आडोसा नव्हता, म्हणून लहान विहिरीत वास सुटत होता. साडेचार हजार लिटरची विहीर आणि दिवसाला साडेतीनशे ते साडेचारशे लिटरचा उपसा असला, की हे जोड मडकं दोन ते तीन आठवडे पुरतं. आमची बारा घरं, घरटी तीन गुंड. माप जणू आमचंच काढून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं. याचा अर्थ, जंतू मारून थोडा क्लोरीन शिल्लक आहे. आजीनं नळी हातात घेऊन उजेडाकडं धरली. "हळद लागली," एवढंच म्हणाली.

इथं मला लिहायला आवडलं असतं की टोलीला शास्त्र पटलं आणि सगळे विहिरीवर परतले. तसं झालं नाही. लोक परतले ते तीन दिवसांनी पुन्हा पूर येऊन झिरे गाळानं भरले म्हणून. विहीर जवळ होती, पाण्याला वास नव्हता, लुगड्याला डाग पडत नव्हते. एवढं पुरलं. पुढच्या पंधरवड्यात नवा रोगी निघाला नाही, आणि मग मात्र प्रत्येकजण सांगू लागला की मला आधीपासूनच ठाऊक होतं.

खरा प्रश्न पुढचा होता. दोन-तीन आठवड्यांनी मडक्यातली पावडर संपते. डॉक्टर महिन्याभरात परत जाणार. मी उन्हाळ्या-दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणार. मग बदलणार कोण, आणि लक्षात कोणाच्या राहणार? डॉक्टरनं तारखांचा तक्ता करून शाळेच्या भिंतीला लावला. बाबाजीनं तो पाहिला, सुलटाच, आणि म्हणाला, "तारीख मले नाही समजत. पुनव आन् अवस समजते." झालं. पौर्णिमेला एक जोड वर, दुसरा खाली, अमावास्येला पुन्हा. तक्त्यापेक्षा हे पंचांग पक्कं निघालं, कारण ते आभाळात लावलेलं होतं. मडक्यांच्या बदल्यात सुगीला घरटी दोन पायल्या धान ठरलं.

आणि पावडर सांभाळायचं काम कोणी घेतलं असेल? त्या दवाई टाकणाऱ्या माणसानं. झाकण उघडं राहिलं, ओल लागली, की ब्लिचिंग पावडरमधला क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना, हे कळल्यावर तो डबा मेणकापडात गुंडाळून आढ्याला टांगू लागला. मोजायला त्यानं स्वतःच्या घरचा चमचा आणला.

पोळा अमावास्येला येतो. त्या दिवशी टोलीत कोणाला कशाची शुद्ध नव्हती. बैलांची अंघोळ, खांदशेकणी, झुली, पुरणपोळी. मडकं बदलायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत निघाली. नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीची मोठी मिरवणूक असते, आमच्याकडं आपलं काटक्या-चिंध्यांचं बुजगावणं. पोरांनी ओरडत ती शिवेबाहेर नेली. खोकला ने, हगवण ने, सगळी रोगराई घेऊन जा म्हणाली, आणि नाल्यापलीकडं नेऊन पेटवली. त्या वर्षी ओरडण्यात आजीचाही आवाज होता.

सगळे परत येऊन चहा पीत बसले, तर बाबाजी कमरेला दोर गुंडाळून विहिरीकडं निघालेला. कोणीतरी चेष्टा केली, "काऊन गा बाबाजी, आत्ताच तं रोगराई घालवली, आता मडकं कायले?"

"गेली ते गेली," बाबाजी म्हणाला. "वापस येऊ नाही म्हनून."

पुढं मी बदलून गेलो. बाबाजी गेला. त्याच्या मुलानं काही वर्षं मडकी बदलली. मग टोलीत खांब आले, हातपंप आला, टाकी आली, नळ आला. विहिरीवर आता घाणेरीचं रान माजलंय. वीज गेली की टाकी रिकामी राहते आणि माणसं नाल्याकडं बघतात, असं मागच्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं फोनवर सांगितलं. नीरी अजून नागपुरातच आहे. विजेशिवाय चालणारी 'नीरी-झर' नावाची गाळणीही तिनं पुढं तयार केली. तुरटीनं गाळ बसवायचा, रेतीतून गाळायचं, क्लोरीन द्यायचा. 2013 च्या उत्तराखंडच्या प्रलयात ती तिकडं गेली होती. माझ्या नागपूरच्या ओट्यावर निळा दिवा लुकलुकणारं एक यंत्र आहे. वीज गेली की ते गप्प होतं, आणि मी डेगचीत पाणी उकळायला ठेवतो.

कोणाच्या वाडीत, शेतात, टोलीत अशी लहान विहीर असेल आणि तिचंच पाणी पिण्यात असेल, तर वरची मापं उतरवून घ्या. आरोग्य केंद्रात दाखवा, पाणी तपासून घ्या. चंद्रपूर-यवतमाळकडं काही ठिकाणी पाण्यात फ्लोराइड असतं, त्यावर या मडक्याचा काही उपयोग नाही. पावडर ताजी आणि कोरडी घ्या. मडकी टिचकी मारून निवडा. आणि भोक भाजलेल्या मडक्याला पाडायचं असेल, तर हातोडी घरीच ठेवा. खिळा फिरवा, मधे पाण्याचा थेंब सोडत राहा. एका भोकाला अर्धा तास लागतो.